हात गाडीवर, चित्त मोबाईलवर

(औंढा नागनाथ येथे भरलेल्या नामदेव शिंपी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेत उभे आयुष्य घालविलेला आणि आता सेवानिवृत्त झालेला एक साधा शिक्षक आहे. विद्वत्तेचा विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहण्याइतकी माझी योग्यता नाही. परंतु वर्गात जी गोष्ट शंभर वेळा सांगावी लागते, ती एकशेएकाव्या वेळीही न कंटाळता सांगण्याची सवय मात्र या पेशाने मला लावली आहे. त्याच सवयीच्या बळावर मी आज बोलणार आहे.

आपल्या मेळाव्यात दरवर्षी वधूवर-परिचय, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, वसतिगृह, लग्नातील अनाठायी खर्च या विषयांवर विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा. आज मी मांडणार असलेला विषय वरवर पाहता समाजकार्याचा वाटणार नाही. तो विषय म्हणजे वाहन चालविताना मोबाईल वापरण्याचा धोका. काहींना वाटेल की, हे तर वाहतूक पोलिसांचे काम. समाजाच्या व्यासपीठावर याचे प्रयोजन काय? त्यावर माझे उत्तर असे की, मुलांच्या शिक्षणासाठी आपण घरोघर फिरून वर्गणी जमवितो. परंतु घरातील कर्ता पुरुष एखाद्या संध्याकाळी रस्त्यावरून परतलाच नाही, तर त्या घराची जी दशा होते ती कोणत्याही वर्गणीने भरून निघत नाही. आज या सभामंडपाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलींकडे पाहा. हिंगोली, वसमत, जिंतूर, परभणी, नांदेड अशा ठिकठिकाणांहून आपण आला आहात आणि सायंकाळी त्याच रस्त्यांनी परत जाणार आहात. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. म्हणून हा विषय आजचा आहे आणि आपला आहे.

प्रथमच स्पष्ट करतो की, मी मोबाईलचा शत्रू नाही. ज्या पिढीने गावातील एकुलत्या एका टेलिफोनपाशी ताटकळत ट्रंक कॉलची वाट पाहिली, तारवाल्याला दारात पाहून जिच्या काळजाचा ठोका चुकला, त्या पिढीतला मी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाईलवरील पहिले संभाषण झाले, आणि १५ जुलै २०१३ रोजी तारसेवा बंद झाली. अवघ्या अठरा वर्षांत एक युग संपून दुसरे सुरू झाले. आज आपला शिंपीबंधू गिऱ्हाइकाचे माप मोबाईलवर मागवितो, कापडाचा नमुना मोबाईलवर दाखवितो. परगावी दिलेली लेक आईचे मुख रोज पाहू शकते. हा लाभ लहान नव्हे. दोष यंत्रात नाही. दोष आहे तो स्थळकाळाचा विवेक सुटण्यात. कात्री कापडावर चालली तर अंगरखा होतो, बोटावर चालली तर रक्त निघते. कात्री तीच असते.

आता थोडी आकडेवारी सांगतो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. यांपैकी वाहन चालविताना मोबाईल वापरल्यामुळे झाले अशी नोंद असलेले अपघात ७,५५८ आणि त्यांतील मृत्यू ३,३९५. सर्वांत अधिक बळी अतिवेगाने घेतले, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. त्या मानाने मोबाईलचा वाटा शेकडा दोनच दिसतो. परंतु हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दारूचा अंश रक्तात सापडतो, वेगाच्या खुणा रस्त्यावर उमटतात. पण मृत माणसाचे चित्त शेवटच्या क्षणी कोठे होते, हे पंचनाम्यात कसे उमटावे? म्हणून नोंदलेल्या संख्येहून खरी संख्या मोठी असली पाहिजे, असे मानावयास जागा आहे. आणि ३,३९५ ही संख्यासुद्धा लहान कशी म्हणावी? त्या वर्षी देशात सरासरी रोज नऊ घरांत या एका कारणाने प्रेत आले, असा तिचा अर्थ होतो.

मी शिक्षक असल्यामुळे एक गणित घातल्याशिवाय मला राहवत नाही. मुलांनो, तुम्हीही मनात करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती अंतर कापते? साठ हजार मीटरांना ३,६०० ने भागा. उत्तर येते सुमारे साडेसोळा मीटर. आलेला संदेश काय आहे एवढे पाहण्यासाठी आपण पाच सेकंद मान खाली घातली, तर गाडी ८३ मीटर पुढे गेलेली असते. एसटीच्या सात बसगाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर जवळपास एवढी लांबी भरेल. म्हणजे सात बसगाड्यांच्या लांबीचा रस्ता आपण डोळे मिटून ओलांडला! आणि आपल्या भागातील रस्ता तो. बांधावरून गाय उतरते, उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली मागचा दिवा नसताना अंधारात उभी असते, हळदीच्या शेतातून बायका घराकडे निघालेल्या असतात, शाळा सुटलेली असते. डोळे मिटून ८३ मीटर चालण्याची पैज रिकाम्या मैदानावरही कोणी शहाणा मनुष्य लावणार नाही. रस्त्यावर मात्र ती आपण दिवसातून दहादा लावतो.

यावर तरुण मंडळी म्हणतात, ‘गुरुजी, आम्ही संदेश वाचत नाही, नुसते बोलतो. मोबाईल कानात किंवा हेल्मेटमध्ये खोचलेला असतो. हात मोकळे, डोळे रस्त्यावर. मग धोका कसला?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

वाहन चालविण्यास तीन गोष्टी लागतात : हात, डोळे आणि मन. हातातील मोबाईल हात अडकवितो, संदेश डोळे अडकवितो, आणि संभाषण मन अडकविते. पहिल्या दोहोंवर उपाय निघाला. तिसऱ्यावर निघालेला नाही. कॅनडातील टोरांटो शहरात संशोधकांनी मोबाईल बाळगणाऱ्या व अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या संभाषणांच्या नोंदी तपासल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मोबाईलवर बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो, आणि मोबाईल हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका त्यांना कमी झालेला आढळला नाही. पुढे २००६ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी चालकांना वाहनासारख्या यंत्रात बसवून पाहिले. मोबाईलवर बोलणाऱ्याची अवस्था कायद्याने ठरविलेल्या मर्यादेइतकी दारू प्यालेल्या चालकाहून बरी नसते, असे त्यांना दिसून आले. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याला आपण नावे ठेवतो; हा दुसरा मनुष्य मात्र आपल्याला सभ्य वाटतो.

हे असे का होते, ते आपल्या धंद्यातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. शिवणयंत्रावर बसलेला कारागीर शेजाऱ्याशी चार शब्द बोलतो, पण बाही जोडण्याची वेळ आली की आपोआप गप्प होतो. समोरचाही ते पाहतो आणि थांबतो. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचे तसेच असते. समोरून भरधाव ट्रक येताना दिसला की तोही बोलणे थांबवितो. कित्येकदा ‘अहो, सांभाळा’ म्हणून सावधही करतो. मोबाईलवरील माणसाला यातले काहीच दिसत नाही. आपण घाटाच्या वळणावर आहोत की चौकात आहोत, हे त्याला ठाऊक नसते. तो आपल्या घरातील पलंगावर बसून हिशेब विचारीत राहतो आणि उत्तरासाठी अडून बसतो. आपले डोळे रस्त्याकडे असतात, परंतु मन त्याच्या पलंगापाशी गेलेले असते. डोळ्यांनी पाहिलेले मनाने घेतले नाही, तर ते पाहणेच नव्हे.

येथे मला आपल्या नामदेवरायांचे स्मरण होते. हिंगोलीजवळची नरसी ही त्यांची जन्मभूमी मानली जाते, आणि याच औंढ्याच्या देवळात त्यांना विसोबा खेचरांसारखे गुरू लाभले, अशी आपली परंपरा सांगते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात त्यांनी चित्ताच्या एकाग्रतेचे दृष्टांत दिले आहेत. मुलगा कागदाचा पतंग करून उडवितो, सवंगड्यांशी बोलतो, पण त्याचे चित्त दोरीपाशी असते. पाणवठ्यावरून येणाऱ्या स्त्रिया हसतात, बोलतात, पण त्यांचे चित्त डोईवरच्या घागरीत असते. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरापाशी. आई घरात आतबाहेर कामे करते, चित्त पाळण्यातील बाळापाशी.

कोणी चतुर श्रोता म्हणेल, ‘पाहा, नामदेवरायसुद्धा सांगतात की बोलता बोलता काम करता येते!’ बंधूंनो, नीट विचार करा. त्या दृष्टांतांत जिभेला मोकळीक आहे, चित्ताला नाही. बोलणे वरवरचे आहे, चित्त मुख्य कामाशी बांधलेले आहे. मोबाईलवर बोलणाऱ्या चालकाचे नेमके उलटे झालेले असते. हात गाडीवर आणि चित्त मोबाईलवर! दोरी हातात आहे, पण चित्त दोरीपाशी नाही. अशा मुलाचा पतंग फार तर झाडात अडकेल. अशा चालकाचे काय होईल, ते मी सांगावयास नको.

काय होते याची उदाहरणे दुर्दैवाने फार दूर शोधावी लागत नाहीत. २४ जुलै २०१४ रोजी तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात मासाईपेट येथे पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेच्या बसला रेल्वेगाडीची धडक बसली आणि दहाहून अधिक शाळकरी मुले मृत्युमुखी पडली. ती गाडी आपल्या नांदेडहून सिकंदराबादला जाणारी पॅसेंजर होती. बसचा चालक त्या वेळी मोबाईलवर बोलत होता, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात अशाच फाटकावर शाळेच्या गाडीतील १३ मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. रेल्वेने २०१९ च्या आरंभापर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील अशी फाटके बंद केली. परंतु फाटके बंद झाली म्हणून कान उघडले असे नव्हे. रेल्वेची शिट्टी ऐकू न येणाऱ्या कानाला ट्रकचा भोंगाही ऐकू येत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे, आणि त्यात सुदैवाने कोणी दगावले नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईहून पुण्यास निघालेल्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालविता चालविता मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण करून ते परिवहन मंत्र्यांकडे पाठविले. बस पुरविणाऱ्या खासगी कंपनीच्या त्या चालकाला कामावरून काढण्यात आले आणि कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. या प्रसंगापासून मला घेण्यासारखे वाटते ते शिक्षेपेक्षा त्या प्रवाशाचे धैर्य. गाडीत बसलेली बाकीची मंडळीही तो प्रकार पाहू शकत होती. आपल्या जिवाशी चाललेला खेळ पाहून गप्प बसणे याला सौजन्य म्हणत नाहीत. काळीपिवळीत असो, वऱ्हाडाच्या गाडीत असो, चालकाने मोबाईल कानाला लावला की ‘दादा, गाडी बाजूला घ्या आणि मग बोला’ असे शांतपणे पण ठामपणे सांगण्याची रीत आपल्या घरातील बायकामुलांनीही शिकली पाहिजे.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक रीतीने वाहन चालविण्याबद्दल आहे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाहन चालविताना हातातील मोबाईल वापरणे हा त्या कलमाखालील गुन्हा ठरला. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. २०२० मध्ये नियमांत एवढीच सवलत आली की, चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यापुरता मोबाईल वापरता येईल. कायदा असा पुरेसा कडक आहे. परंतु औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत प्रत्येक वळणावर पोलीस उभा करता येत नाही. जेथे पोलीस नाही, तेथे संस्कार उभा राहिला पाहिजे.

आता मी माझ्या भाषणाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. चालकाला आपण दोष देतो. पण मोबाईल आपणहून वाजत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी असते. ते कोण असते? बहुधा घरचेच माणूस! ‘कुठवर आलात?’, ‘येताना कोथिंबीर आणा’, ‘मामा येऊन बसलेत, किती वेळ?’ असले प्रश्न मायेपोटी विचारले जातात आणि मायेपोटीच तो गाडीवरून उत्तर देतो. उत्तर दिले नाही तर घरी काळजी वाढेल, म्हणून मान खांद्यावर वाकडी करून, मोबाईल कानाशी दाबून तो बोलत राहतो. ज्याच्या वाटेकडे आपण डोळे लावून बसलो, त्याचेच डोळे आपण वाटेवरून काढून घेतो. म्हणून माझे म्हणणे असे की, या दोषात बोलणाऱ्याचा जेवढा भाग आहे, तेवढाच बोलावणाऱ्याचाही आहे. आणि या रोगाचे औषध रस्त्यावर जितके आहे, त्याहून अधिक घराच्या उंबरठ्याच्या आत आहे.

एवढ्यासाठी काही सोपे नियम मी सुचवितो. घरातील माणूस बाहेर पडताना केव्हा पोहोचेल ते विचारून घ्यावे आणि तोपर्यंत धीर धरावा. पोहोचल्यावर त्याने आठवणीने कळवावे. कोणालाही मोबाईल केला की ‘हॅलो’नंतरचा पहिला प्रश्न ‘गाडीवर आहात का?’ हाच असावा, आणि ‘हो’ म्हणताच दुसरा शब्द न बोलता मोबाईल ठेवावा. ‘एकच मिनिट’ हा मोह घातक आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात त्या मिनिटाचा अर्थ एक किलोमीटर होतो. चालविणाऱ्याने निघताना आवाज बंद करून मोबाईल पिशवीत ठेवावा. फारच निकडीचे काम अपेक्षित असेल तर एखाद्या गावच्या थांब्यावर किंवा धाब्यापाशी, रस्त्याच्या चांगले बाजूला, गाडी थांबवून बोलावे. वळणाच्या टोकाशी थांबू नये. मागे कोणी बसले असेल तर मोबाईल त्याच्याकडे सोपवावा. ‘बाबा गाडी चालवीत आहेत, पोहोचल्यावर बोलतील’ एवढे सांगण्याचे काम दहा वर्षांचा मुलगाही मोठ्या ऐटीने करतो, आणि ते करता करता स्वतःही एक धडा शिकतो. जे वडील मुलापुढे गाडीवर बोलत नाहीत, त्यांच्या मुलाला पुढे हे भाषण ऐकावे लागणार नाही.

आपल्या दुकानदार बंधूंना वेगळी विनंती आहे. सणासुदीच्या व लग्नसराईच्या दिवसांत गिऱ्हाइकाचा तगादा सारखा चालू असतो आणि तो चुकविला तर शिलाई दुसरीकडे जाईल अशी भीती वाटते. तरीही बोलण्याची वेळ पाटीवर लिहून ठेवा आणि कापड आणावयास गावोगाव जाताना मोबाईलला विश्रांती द्या. झब्बा एक दिवस उशिरा मिळाला म्हणून गिऱ्हाईक रागावेल, पण रागावलेले गिऱ्हाईक पुन्हा जोडता येते.

वऱ्हाडाचा प्रकार तर विशेष काळजीचा. मुहूर्त टळत आलेला, मंडपातून चालकाला मागोमाग मोबाईल, गाडीत गाणी, आणि तरुण मंडळी चालकालाच चित्रणात सामील करून घेतात. मी सभेपुढे अशी सूचना ठेवतो की, समाजातील प्रत्येक लग्नात प्रत्येक गाडीमागे एक जबाबदार गृहस्थ मोबाईलसाठी नेमावा, मंडपवाल्यांनी त्याच्याशीच बोलावे, आणि लग्नपत्रिकेवर ‘प्रवासात असलेल्या पाहुण्यांना फोन करू नये’ अशी एक ओळ छापण्याचा प्रघात आपल्या समाजाने पाडावा. त्यासाठी खर्च काहीच नाही.

एक शंका राहते. कोणी अत्यवस्थ असेल, घरात काही अघटित घडले असेल, तर कळवावयाचे नाही काय? जरूर कळवावे, पण चालविणाऱ्याला नव्हे, त्याच्या सोबत्याला, किंवा तो जेथे पोहोचणार तेथील माणसाला. वाईट बातमी पंधरा मिनिटे उशिरा कळल्याने अधिक वाईट होत नाही. मात्र धावत्या गाडीवर ती कळली, तर एका घरात एका दिवशी दोन बातम्या होण्याचा संभव असतो.

आणि मोबाईलचा खरा उपयोग रस्त्यावर केव्हा आहे, तेही सांगतो. वाटेत अपघात दिसला तर गाडी बाजूला थांबवून १०८ क्रमांक फिरवावा. रुग्णवाहिकेची ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती धरू नये. कायद्यातील १३४-अ हे कलम सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. तडफडणाऱ्या माणसाचे चित्रण करीत उभे राहण्याऐवजी त्याच मोबाईलने त्याचा जीव वाचविता येतो.

बंधू-भगिनींनो, आपला धंदा दोन तुकडे जोडण्याचा आहे. फाटलेले शिवता येते, उसवलेले पुन्हा टाचता येते, बेताला चुकलेले कापडही युक्तीने बसविता येते. परंतु रस्त्यावर तुटलेले आयुष्य जोडील असा दोरा अजून कोणी वळलेला नाही. तेव्हा आज सायंकाळी परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी प्रत्येकाने मोबाईल पिशवीत ठेवावा, आणि घरी राहिलेल्यांनी तो वाजवू नये, एवढाच संकल्प या सभेने करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. श्रीनागनाथाच्या कृपेने आपण सर्व सुखरूप घरी पोहोचाल आणि पुढील वर्षी याच मंडपात एकही जागा रिकामी न राहता पुन्हा भेटाल, अशी मी प्रार्थना करतो.